नागाप्पांच्या हातातली काळी रेघ

सुष्मिता हुक्केरीइतकी हट्टी पोरगी आमच्या कॉलेजात मी दुसरी पाहिलेली नाही. आणि मी वर्कशॉपचा इन्स्ट्रक्टर आहे. कोल्हापुरातली हट्टी पोरं माझ्या हाताखालून ढिगानं गेलीत. ही गडहिंग्लजकडची. फिजिक्स शिकून आमच्या प्रयोगशाळेत लागली आणि कातडीच्या आत डोकावणारं यंत्र बांधायला बसली. कापणं नाही, टोचणं नाही. प्रकाश आत सोडायचा, परत आलेला पकडायचा, की कातडीचे थर पडद्यावर. त्याचे सगळे स्टँड मी लेथवर करून दिलेत, त्यामुळे ते यंत्र अर्धं माझंच, असं मी सगळ्यांना सांगतो.

पण चित्रात काळ्या रेघा यायच्या. भाजलेल्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉक्टर अनुजा मॅडमनी चित्र बघितलं आणि तोंडावर सांगितलं, "यातलं काळं पेशंटचं कुठलं आणि तुझ्या यंत्राचं कुठलं? रेघा घालव, मग वॉर्डात आण. नाहीतर विषय संपला." शुक्रवारी त्या शेवटचं बघायला येणार होत्या. तीन वर्षांची मेहनत त्या एका शुक्रवारवर येऊन ठेपली होती.

बघायला हात होता तिच्या वडिलांचा, नागाप्पांचा. गुऱ्हाळावर काहिलीतला उकळता रस हातावर सांडलेला. तिथं मांडीची कातडी लावलेली.

"अप्पा, हलू नका."

"मी कुठं हालतोय? तुझं मशीनच थरथरतंय की."

घोळ असा होता. प्रकाशाची लाट एका दिशेनं डोलत आत जाते. कातडीतले, त्यातून व्रणातले, चिवट धागे तिची दिशा फिरवतात. यंत्र बघायचं एकाच दिशेचा प्रकाश. जिथं दिशा फिरली, तिथं त्याला काळं दिसायचं. प्रकाशाची दिशा बदलायचं बटण फिरवलं की रेघा जागा बदलायच्या, जायच्या मात्र नाहीत.

विभागाचे धैर्यशील सर म्हणाले, "सॉफ्टवेअरनं पुसून टाक. चित्र गुळगुळीत दिसलं म्हणजे झालं."

"आन त्यातली एखादी खरी असली तर, सर? ती बी पुसली जाईल की."

 सुष्मितानं सरांना एवढं सुनावलं आणि एक युक्ती घेऊन माझ्याकडं आली. परतणारा प्रकाश दोन दिशांत वेगळा करायचा, यंत्राच्या दोन डोळ्यांनी पकडायचा आणि बेरीज करायची; एकाला जे दिसणार नाही ते दुसऱ्याला दिसेल. दुसऱ्या डोळ्यासाठी स्टँड हवा होता. मी जेवणाचा डबा तसाच ठेवून लेथ चालू केला.

शुक्रवारी मॅडम आल्या. नागाप्पांनी हात ठेवला. सुष्मितानं बेरीज चालू केली आणि रेघा गेल्या! मी टाळी वाजवणार तेवढ्यात दिसलं, एक राहिलीच होती. लावलेल्या कातडीच्या मधोमध, ठसठशीत काळी.

सरांनी कपाळाला हात लावला. मॅडम पर्स उचलायला लागल्या. 

सुष्मितानं बटण फिरवलं. रेघ हलेना. पुरतं फिरवलं, तरी जागची हलेना. मग तिनं काचेची पट्टी घेतली आणि वडिलांच्या हातावर त्या जागी हलकेच दाबली.

रेघ नाहीशी झाली. पट्टी उचलली, पुन्हा आली.

मॅडमनी पर्स खाली ठेवली. "परत दाब." सुष्मितानं परत दाबली. "अगं, ही रक्तवाहिनी आहे. तिची सावली पडते खाली. दाबली की रक्त सरकतं आणि सावली जाते." त्या आता उभ्याच होत्या. "सोमवारी यंत्र वॉर्डात आण. आणि कुणी काही पुसायचं नाही यातलं."

 मला इतका आनंद झाला होता की मी उगीचच स्टँडचे स्क्रू आवळत बसलो.

नागाप्पा पडद्याकडं बघत होते. "ह्या कातड्याला चिमटा घेतला तरी मला कळत न्हाय, बाई. मी ते मेलंय म्हणूनच धरून चाललेलो. आन आत रगत चाललंय?"

"व्हय, अप्पा. चाललंय."

त्यांनी हात पुन्हा यंत्राखाली नीट ठेवला. "मग परत एकदा दाव की," ते म्हणाले.