कळसूबाईला निघालेला मंडप

परभणीकडच्या झरी गावात मंडप म्हटलं की बन्सीधर. लग्न असो, बारसं असो नाहीतर दहावा, टेम्पो भरताना तो स्वतः उभा असतो आणि त्याचा एकच नियम असतो: काही राहिलं, असं होता कामा नये. बाकीचे मंडपवाले राहिलेलं आणायला ऐन वेळी माणूस पळवतात. कोणाची झालर राहते, कोणाचे खुंट. बन्सीधरचं आजवर काही राहिलं नाही. धंदा त्यावरच चालला, पण त्यामुळं एक झालं. कुठं जायचं म्हणजे टेम्पो भरायचा, एवढंच त्याला माहीत.

मजेसाठी तर तो कधी कुठं गेलाच नव्हता. लग्नसराईत वेळ नाही, आणि ती संपली की झालरी शिवायच्या, गाद्या उन्हात घालायच्या. डोंगराचा प्रश्नच नव्हता. आपल्याकडची जमीन अशी सपाट, की त्यानं आयुष्यात चढलेली सगळ्यात उंच गोष्ट म्हणजे झालर बांधायची शिडी.

दसरा झाला आणि भक्तीचा फोन आला. भक्ती त्याची मुलगी, नाशकात नोकरीला.

"बाबा, तुम्ही आणि आई या. आपण कळसूबाईला जाऊ. महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर आहे. पायथ्याला बारी म्हणून गाव आहे, तिथं मी येते. एखादा स्वेटर, रेनकोट, टोपी आणि बूट घ्या, बस. सामान हलकं आणा हं. तिकडं वातावरण घटकेत बदलतं."

यातलं 'हलकं' बन्सीधरच्या कानावरून गेलं. 'घटकेत बदलतं' मात्र डोक्यात बसलं.

"म्हणजे सकाळी एक अन् दुपारी एक?"

"हो."

"अन् संध्याकाळी?"

"काहीही होऊ शकतं, बाबा."

फोन ठेवून तो टेम्पोच्या हौद्यात डोकावून आला. मग बायकोला, नर्मदाबाईला म्हणाला, "काहीही म्हणजे लय झालं."

दुसऱ्या दिवशी त्यानं परभणीहून रेनकोट आणला. दुकानदाराच्या शब्दावर त्याचा भरवसा नव्हता. रेनकोट घालून तो अंगणात उभा राहिला आणि नर्मदाबाईच्या पाठीवर फवारणीचा पंप चढवला.

"मार."

"अवो, शेजारचे बघायलेत."

"बघू दे. मार म्हणतो न्हवं!"

तिनं समोरून मारलं, मागून मारलं. थेंबभर पाणी आत गेलं नाही. पण बन्सीधरला कोणीतरी सांगितलं होतं, की डोंगरावर पाऊस खालूनही येतो. खालून मारल्यावर तो कमरेपर्यंत भिजला. रेनकोट नापास झाला. पंपही नीट धुतलेला नव्हता. पुढं कितीतरी दिवस त्याच्या अंगावर माशी बसली नाही.

रेनकोटाच्या जागी ताडपत्री आली. ताडपत्री आली म्हणजे पाइप आले, दोऱ्या आल्या, खुंट आणि घण आला. थंडीसाठी रजया, बसायला खुर्च्या, रांधायला पातेलं आणि डाळ-तांदूळ. ऑक्टोबरचं ऊन म्हणून उभा पंखा. पंख्याला वीज पाहिजे म्हणून जनरेटर, आणि जनरेटर चालवायला नागनाथ. नागनाथ त्याचा जुना दोस्त, लग्नात लाउडस्पीकर लावणारा. तो माइक घेऊनच आला.

"माइक कामून?" बन्सीधरनं विचारलं.

"धुक्यात हरवलो तर?"

हे आपल्याला आधी कसं सुचलं नाही, याचं बन्सीधरला वाईट वाटलं.

नर्मदाबाई दारात उभी राहून टेम्पोकडं बघत होती. "डोंगर चढायचाय, का डोंगराचं लगीन लावायचंय?"

"वर कोणाला काही लागलं तर?"

"वर कोण असणार?"

"तेच तर! कोणीच नसणार. मग मागायचं कोणाला?"

तिनं आपला स्वेटर पिशवीत घातला आणि पुढं जाऊन बसली.

जिंतूर मागं पडेपर्यंत लख्ख ऊन होतं. देवगाव फाट्याला पोचले आणि परतीचा पाऊस कोसळला. वाऱ्यानं टेम्पोवरची ताडपत्री एका बाजूनं सुटली आणि रजया भिजायला लागल्या. बन्सीधरनं टेम्पो रस्त्याकडेच्या मोकळ्या जागेत घेतला आणि भर पावसात, नागनाथला हाताशी धरून, चहाला आधण येईतो मंडप उभा केला. रजया वाळत घालायला खुर्च्या मांडल्या. नागनाथनं जनरेटर सुरू करून पंखा रजयांवर सोडला. झालर लावायची काही गरज नव्हती. पण झालर नसलेला मंडप बन्सीधरला बघवत नाही.

फाट्यावर एसटीची वाट बघणारी माणसं भिजत होती. त्यांनी झालर पाहिली आणि ती आत आली. रजया बाजूला सारून खुर्च्यांवर बसली. गुलाबी फेट्याचा एक म्हातारा बन्सीधरजवळ आला.

"कोणाकडलं लगीन?"

"लगीन न्हाई, मामा. आमी कळसूबाईला जायलोत."

"कळसूबाई कोणाची?"

"कोणाची म्हणजे? तिकडं नगरकडं हाय."

"लय लांबची सोयरीक केलीत."

"सोयरीक न्हाई हो. ती लय उंच हाय..."

"उंच असली म्हणून काय झालं?" म्हातारा समजुतीनं म्हणाला. "पोरगा काय करतो?"

शेवटी बन्सीधरनं नागनाथला खुलासा करायला सांगितलं. नागनाथनं घसा साफ केला. माइक हातात आला की तो पुस्तकी बोलतो.

"हॅलो, हॅलो. जमलेल्या मंडळींना विनंती. इथं लग्न नाही. कळसूबाई इथं नाही. कळसूबाई बारीला आहे, आणि पावसामुळं आपण तिच्यापर्यंत पोहोचू शकत नाही."

नवरी अडकली, हे सगळ्यांना कळलं. बायका नर्मदाबाईभोवती जमल्या.

"धीर धरा बाई. येईल पोरगी."

"ती येत नसती," नर्मदाबाई म्हणाली. "ती तिथंच असती. आपल्यालाच जावं लागतं."

हे ऐकून एका बाईनं डोळ्याला पदर लावला.

एसटी आली, गेली. कोणी उठलं नाही. नवरीच्या बापाला असल्या वक्ताला सोडून जाणं लोकांना बरं दिसेना. म्हाताऱ्यानं फाट्यावरच्या दुकानातून टॉवेल-टोपी आणून बन्सीधरला आहेर केला. तो नको नको म्हणत राहिला, लोक घ्या घ्या म्हणत राहिले. मांडवात आलेल्याला उपाशी ठेवायची त्याला सवय नाही. त्यानं पातेलं काढलं आणि खिचडी टाकली.

दुपारी पाऊस थांबून असं ऊन पडलं, की लोकांनी पंखा आपल्याकडं वळवून घेतला. सांजेला गार वारा सुटला तशा त्यांनी रजया मागितल्या. तोवर ओढ्याला पाणी येऊन रस्ताही बंद झाला होता. जी मंडळी घरी जाऊ शकत होती तीही थांबली. बन्सीधर मंडपाच्या तोंडाशी उभा राहून बघत होता. त्यानं आणलेली एकूण एक वस्तू कामी आली होती. फक्त डोंगर आला नव्हता.

सकाळी भक्तीचा फोन आला.

"बाबा, कुठं पोचलात?"

"देवगाव फाट्याला."

"अजून?"

"माणसं झोपलीत गं. उठवायचं कसं?"

"कोण माणसं?"

त्यानं फेट्यावाल्या मामांपासून सांगायला सुरुवात केली. थोडा वेळ ऐकून भक्ती म्हणाली, "बाबा, सामान राहू द्या तिथंच. एसटीनं या."

सामान राहू द्या, असं त्याला जन्मात कोणी म्हटलं नव्हतं. तो जाऊन मंडपाचे खुंट हलवून बघायला लागला. रात्रीत ओढा ओसरला होता; एवढ्यात जालन्याकडं जाणारी एसटी आली. नर्मदाबाईनं पिशवी उचलली, हात करून गाडी थांबवली आणि पायरीवरून म्हणाली, "मी चालले. तुमाला मांडवात बसायचं असलं तर बसा."

मंडप नागनाथच्या हवाली करून बन्सीधर धावत गाडीत चढला. वाटेत हातांचं काय करावं ते त्याला कळत नव्हतं. तो सारखा उठून वरच्या फळीकडं बघायचा. तिथं त्याचं काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तिघं बारीतून चढायला लागली. नर्मदाबाई पुढं, पिशवी खांद्याला. बन्सीधर सगळ्यात मागं, कारण कड्यावरची प्रत्येक लोखंडी शिडी हलवून बघितल्याशिवाय तो पाय ठेवत नव्हता. वर पोचले तेव्हा आभाळ निळंशार होतं. ढगाचा तुकडा नाही.

"वातावरण कधी बदलतं म्हणालीस?" त्यानं भक्तीला विचारलं.

"नशीब समजा, बाबा."

तो थोडा नाराज झाला. मग त्याचं लक्ष देवळाजवळ सरबत विकणाऱ्या बाईकडं गेलं. सावलीला तिनं काठ्यांवर प्लास्टिकचा कागद बांधला होता आणि तो वाऱ्यानं फडफडत होता. बन्सीधरनं न विचारता गाठी सोडल्या. कागद ताणून, कोपऱ्यात गोटे गुंडाळून, दोरी मोठ्या धोंड्यांना आवळली. फडफड थांबली. बाईनं वर बघितलं, कागदाला बोट लावून बघितलं आणि त्याला दोन ग्लास सरबत पाजलं. भक्तीनं काढलेल्या फोटोंत नर्मदाबाई हात पसरून उभी आहे, मागं धरणाचं पाणी चमकतंय, आणि प्रत्येक फोटोत एका कोपऱ्यात बन्सीधरची पाठ आहे.

परत फाट्यावर उतरले तेव्हा मंडळी पांगली होती. रजया घडी घालून एकावर एक रचलेल्या होत्या. नागनाथनं निरोप दिला: फेट्यावाले मामा विचारून गेलेत, लेकीचं नीट पार पडलं का ते कळवा.

झरीत आठवडाभर येईल तो विचारत होता, "कशी हाय कळसूबाई?"

बन्सीधर नीट विचार करून, खरं तेच सांगायचा. "जागा झकास हाय. वारा बी चांगला. पण खुंट ठोकायला जमत न्हाई. सगळा दगड हाय."