चुन्याखालचा नंबर

लग्न होऊन मी सुरतेत आले तेव्हा लिंबायतच्या आमच्या गल्लीत मला सगळ्यात जास्त आवडली ती भोंग्याची रिक्षा. अमळनेरकडच्या माझ्या गावात दवंडी द्यायला माणूस यायचा, तो कोणाचा कोण हे सगळ्या गावाला ठाऊक असायचं. इथे पालिकेची रिक्षा यायची आणि तिच्यातून एक भारदस्त आवाज सुरू व्हायचा, ‘जाहेर जनताने जणाववानुं के...’ पुढे कधी लसीची बातमी असे, कधी कचऱ्याची, कधी उद्या पाणी येणार नसल्याची. मी हातातलं काम टाकून ओट्यावर धावायचे. सासूबाई म्हणायच्या, हिचा मामा आला बघा.

गल्लीत दुसरं कोणी कान देत नसे. पुरुष दिवसभर खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात. तिथल्या खडखडाटाने त्यांचे कान इतके गेलेले, की आमचे हे घरात मीठ मागायचे तेही शेजारच्या गल्लीला ऐकू जाई. बायकांना गुजराती समजायचं, पण पालिकेचं बोलणं आपल्यासाठी नसतंच अशी त्यांची खात्री होती. मला मात्र चैन पडेना. एकदा त्या आवाजाचा माणूस बघायचाच म्हणून मी रिक्षेमागे पार नाक्यापर्यंत गेले. आत माणूस नव्हताच. सीटवर एक टेपरेकॉर्डर होता आणि रिक्षावाला कानात कापूस घालून मावा चोळत बसला होता. आजची बातमी काय, असं मी त्याला विचारलं, तर त्याने खांदे उडवले.

मग मी वाचायच्या मागे लागले. वॉर्ड ऑफिसच्या बाहेर काळा फळा होता, त्यावर खडूने बातम्या लिहीत. गुजराती अक्षरांच्या डोक्यावर रेघ नसते, एवढं एकदा अंगवळणी पडलं की निम्मं काम होतं. दूध आणायला गेले की मी दोन ओळी लावून यायचे. घरी उशीर का झाला म्हणून बोलणी बसायची, ती मी मुकाट्याने खायचे, कारण मला बातमी कळलेली असायची.

आमच्या गल्लीत घरोघरी नळ येणार, हे त्या फळ्यावर सगळ्यांत आधी मी वाचलं. तेव्हा सगळी गल्ली टोकाच्या सार्वजनिक नळावर जायची. सासूबाईंचा उजवा खांदा कामातून गेला होता. घागर उचलताना त्यांच्या तोंडून आवाज निघायचा नाही, पण ओठ पांढरे पडायचे. मी घेते म्हटलं तरी घागर सोडायच्या नाहीत. दारात नळ आला तर त्यांची सुटका होईल, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

काही दिवसांनी पालिकेचा मुकादम डबा-ब्रश घेऊन आला. प्रत्येक दाराच्या बाजूला त्याने तांबड्या ऑइलपेंटने नंबर टाकला आणि खाली बाण काढला. पाइप टाकणारी माणसं नंबर बघून लाइन देणार होती. पुसू नका, हे त्याने दारोदार सांगितलं आणि त्याच्यामागून मी अहिराणीत सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

पण श्रावण लागला होता. नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्या खानदेशी घरांत कानबाई बसते. त्याआधी घर झाडून, अंथरूण-पांघरूण धुऊन, भांडी लखलखीत करून भिंतींना चुना द्यायचा, त्याशिवाय देवी घरात येत नाही. आमच्या गल्लीत जवळपास सगळी घरं खानदेशातली. शनिवारी सगळीकडे चुन्याच्या बादल्या निघाल्या. कोणी मुद्दाम नंबर पुसला असं नाही. दोन हात दिले, निळीचा एक हात दिला, भिंत पांढरी झाली. घर काय उठून जाणार आहे का, असं म्हणून सगळे हसले.

आमच्या दारात मी ब्रश धरून थांबले. नंबरापुरती जागा सोडू या, असं सासूबाईंना म्हणाले. त्यांनी ब्रश माझ्या हातातून काढून घेतला.

“कानबाईना भिंतवर रोगनी खूण मी ऱ्हाऊ देवाव नई,” त्या म्हणाल्या आणि नंबरावर सर्रकन ब्रश ओढला.

मला काही समजलं नाही. नळाचा नंबर आणि रोगाची खूण यांचा संबंध काय? विचारायची सोय नव्हती. कानबाई बसली, गाणी झाली, सोमवारी तापी नदीत विसर्जन झालं. नारळाची ती नटलेली देवी पाण्यात सोडताना सासूबाई रडल्या, दरवर्षी रडतात तशा.

पुढच्याच आठवड्यात खोदकाम सुरू झालं. मुकादम पांढऱ्याशुभ्र भिंती बघत गल्लीच्या या टोकापासून त्या टोकाला गेला. एकाच दारावर नंबर होता. ते दार आमच्या समोरच्या, परभणीकडच्या मावशीचं. तिच्याकडे कानबाई नव्हती, म्हणून चुनाही नव्हता. तिला लाइन मिळाली. बाकीच्यांना त्याने सांगितलं, “नंबर वगर लाइन नहीं मळे, बेन.” पुढच्या फेरीत बघू, म्हणाला. ती फेरी कधी, ते त्यालाही माहीत नव्हतं.

गल्लीने मग नाना उद्योग केले. एकीने कालथ्याने चुना खरवडला, तर पोपड्यांबरोबर तांबडा रंगही निघून आला. आमच्या ह्यांनी रंग आणून आपणच नंबर टाकू म्हटलं. पण मागच्या गल्लीत दोघांनी तसं केलं होतं आणि मुकादमाने लांबूनच ओळखून हसत मान हलवली होती. समोर मावशीच्या नळाला सकाळी धो धो पाणी येई. सासूबाई तिच्या दाराकडे न बघता घागर घेऊन टोकाच्या नळावर जात. मावशीकडून एक हंडा मागावा असं मी सुचवलं, तर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी तो विषय सोडला.

एका दुपारी पावसाची चांगली मोठी सर आली. ओट्यावरचे कपडे काढायला मी बाहेर पडले आणि जागीच उभी राहिले. आमच्या भिंतीवर तांबडा नंबर दिसत होता. शेजारच्या भिंतीवर त्यांचा, पलीकडे आणखी एक. ओला चुना आरपार झाला होता आणि भिंतीभिंतीतून पालिकेचे आकडे वर आले होते. मी भिजत गल्लीभर फिरून ते वाचत सुटले. ऊन पडलं, भिंती वाळल्या, आकडे पुन्हा आत गेले. इतकी मजा मला सुरतेत आल्यापासून आली नव्हती.

घरात आले तर सासूबाई दाराशी खाली बसलेल्या. चेहरा पार उतरलेला. त्यांनीही नंबर वर आलेला पाहिला होता. त्या दिवशी त्यांनी मला आपणहून सांगितलं. सुरतेत प्लेगची साथ आली त्या वर्षी, मी यायच्या आधी, सासऱ्यांना साधा हिवताप आला होता. औषध फवारणाऱ्यांनी फवारणी झाली म्हणून दाराशी खडूने खूण केली. त्यांनी ती सगळ्याच दारांवर केली होती, पण ह्या घरात माणूस तापाने पडलेला, त्यामुळे गल्लीने तिचा अर्थ आपल्या मनाने लावला. नळावर सासूबाईंना कोणी जवळ येऊ देईना. एक बाई आपल्या घागरीतून वरून पाणी ओतायची आणि म्हणायची, “लांबूनच धरा बरं घागर, आक्का.” अर्धं पाणी खाली सांडायचं. सासरे बरे झाले, पुढे दुसऱ्याच कारणाने गेले, पण त्या बाईशी सासूबाई पुन्हा नीट बोलल्या नाहीत. ती बाई म्हणजे समोरची मावशी.

मला मावशीचा राग आला. थोडा सासूबाईंचाही आला, इतकी वर्षं हे पोटात ठेवलं आणि खांदा मोडला तरी घागरीला कोणाचा हात लागू दिला नाही म्हणून. पण रागाने नळ येत नाही. दुसऱ्या दिवशी मी वॉर्ड ऑफिसला गेले आणि माझ्या मोडक्या गुजरातीत मुकादमाला सांगितलं की नंबर जागेवर आहेत, फक्त बघायला या. तो कंटाळला होता, तरी आला. मात्र आला तेव्हा कडक ऊन होतं आणि भिंती कोऱ्या करकरीत.

मी घाईने तांब्याभर पाणी मारलं. बाणाचं तेवढं टोक दिसलं. घरात प्यायचा एक हंडा, टोकाचा नळ केव्हाच गेलेला. मुकादम घड्याळ बघू लागला. बायका दारात उभ्या होत्या, कोणाकडेच पाणी शिल्लक नव्हतं. आता हा गेला की परत येत नाही, हे मला कळत होतं.

तेवढ्यात समोरून मावशी भरलेली बादली घेऊन आली. सकाळी नव्या नळाचं पाणी तिने पिंपात भरून ठेवलं होतं. आमच्या ओट्याच्या पायरीखाली येऊन ती थांबली. वर आली नाही. सासूबाई दारात होत्या.

“आक्का,” ती म्हणाली, “जवळ येऊ का?”

मुकादमालाही काहीतरी जाणवलं असावं, कारण त्याने घड्याळ बघायचं थांबवलं.

“ये,” सासूबाई म्हणाल्या. “समदी भिंत वली कर.”

मावशीने बादली ओतली. नंबर असा लख्ख वर आला की मुकादम मोठ्याने हसला आणि त्याने तो वहीत उतरवून घेतला. मग मावशीचं पिंप रिकामं होईपर्यंत आम्ही दारोदार भिंती भिजवत गेलो. पुढे बादली घेऊन मावशी, मधे तांब्या घेऊन मी, मागे मुकादम. शेवटच्या घराला पाणी कमी पडलं, तर सासूबाईंनी आमचा प्यायचा हंडा आणून दिला.

गणपती उठायच्या आत आमच्या दारात नळ आला आणि मुकादमाने चुन्यावर तोच नंबर पुन्हा तांबड्या रंगाने काढला. रिक्षा पाण्याची वेळ सांगायला आली तेव्हा ओट्यावर मी एकटी नव्हते. सासूबाई शेजारी उभ्या राहून कान देत होत्या आणि मध्येच मला विचारत होत्या की आता काय म्हणाला.

पुढच्या वर्षी कानबाईच्या आदल्या दिवशी पुन्हा चुना भिजवला. सासूबाईंचा हात वर जात नव्हता, मला सातवा महिना होता. त्यांनी समोर हाक मारून मावशीला बोलावलं आणि ब्रश तिच्या हातात दिला. मावशी दाराच्या बाजूपर्यंत चुना देत आली, तशा सासूबाई उठल्या, बोट कुंकवाच्या करंड्यात बुडवलं आणि त्या तांबड्या नंबराला टेकवलं.

“तितलं ऱ्हाऊ दे,” त्या म्हणाल्या.