बशीरभाऊ आणि गावाची गाडी

बशीरभाऊंशी माझी पहिली ओळख झाली ती त्यांच्या पायांशी. धानोऱ्याच्या बाजारात एका जीपखालून दोन भेगाळलेल्या टाचा बाहेर आलेल्या, शेजारी चहाची बशी, आणि खालून आवाज, "बोला, ऐकून राह्यलो." गिऱ्हाईक कितीही मोठं असो, भाऊ गाडीखालून बाहेर येत नसत. चहासुद्धा आडवे पडूनच पीत. मी मुळात तापट माणूस. आधी घसा खाकरला, मग ओरडलोच, "अहो, तोंड तरी दाखवा!" त्यावर खालून उत्तर, "तोंडाचं काय काम हाय गुरुजी? काम हातानं होते." मी गुरुजी आहे हे त्यांना कसं कळलं, ते मला आजही माहीत नाही. बहुधा ओरडण्यावरून कळलं असावं.

माझं कामही तसं वेडेपणाचंच होतं. धानोऱ्याच्या आत, जंगलातल्या एका गावी मी शाळामास्तर. आमच्या ग्रामसभेनं बांबूच्या उत्पन्नातून एका खाणीच्या लिलावातली जुनी परदेशी पिकअप घेतली होती. चारही चाकांना जोर असलेली, अंगानं दणकट. पण पेट्रोल पिणारी, गिअर आपोआप बदलणारी, आणि तो गिअरबॉक्स जळालेला. गाडी घेतली ती गावातल्या सुनितासाठी. आदल्या पावसाळ्यात तिला कळा सुरू झाल्या तेव्हा खाटेवर घालून नाल्यापर्यंत नेली होती. नाला भरलेला. खाट काठावरच अडकली आणि बाळ गेलं. आता तिला पुन्हा दिवस गेले होते, श्रावणात ती मोकळी होणार होती. तिची सासू ग्रामसभेत उठून एवढंच बोलली, "यंदा खाट नको." सगळ्यांनी होकार दिल्याशिवाय आमच्याकडे कुठलाच निर्णय होत नाही, कधीकधी त्यात अख्खी दुपार जाते. त्या दिवशी मात्र नकाराला कुणी तोंडच उघडलं नाही.

भाऊंनी गावात येऊन गाडीभोवती एक फेरी मारली आणि निकाल दिला. "इंजिन डिझेलचं टाकाचं. गिअर हातानं बदलाचे."

"का?"

"तुमच्या धानाच्या गिरणीले डिझेल येते का नाई? येते. पेट्रोल कोन आनन? अन् ही आटोमॅटिक धक्क्यानं चालू होत नाई. जंगलात धक्का माराले माणसं लय भेटते गुरुजी, मेकॅनिक एक नाई भेटत."

दुसऱ्या एका मिस्त्रीनं हे जमणारच नाही म्हणून सांगितल्याचं मी बोललो, तर भाऊ उखडले. "लोखंडच हाय ना? देव नोहे. कापता येते, जोडता येते." हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. गंजलेल्या नटाला ते हेच ऐकवत आणि स्वतःच्या दुखऱ्या पाठीलाही हेच.

उलटलेल्या एका काळीपिवळी जीपचं डिझेल इंजिन गिअरबॉक्ससकट मिळालं. पण जीपचं इंजिन परक्या गाडीत बसणार कशावर? भाऊंनी आमची बांबू तासणारी माणसं बोलावली आणि इंजिनाखालचे पाये आधी लाकडात घडवून घेतले. सागाचे ठोकळे ठेवायचे, मोहाच्या फांदीला बांधलेल्या साखळीनं इंजिन खाली सोडायचं, आणि भाऊ खालून ओरडणार, "बोटभर डावीकडं, अबे बोटभर म्हटलं, हातभर नाई!" पुन्हा उचलायचं, पुन्हा तासायचं. लाकूड नेमकं बसलं की त्याच मापाचं लोखंड कापायचं. भर उन्हाळ्यात हे चालायचं, आणि सुनिता पोट सांभाळत सावलीत बसून बघायची. भाऊ तिच्याशी फारसं बोलत नसत. एकदाच म्हणाले, "पोरी, तू तुहं काम कर, मी माहं करतो. दोघाइनंही हयगय कराची नाई."

ज्येष्ठ संपता संपता गाडी धडधडत सुरू झाली. रस्त्यावर तर झकास पळाली. मग भाऊंनी ती नाल्याच्या ओल्या वाळूत उतरवली आणि चारही चाकांना जोर देणारा दांडा ओढला. गाडी जागच्या जागी थरथरली, कण्हली आणि बंद पडली. पुन्हा चालू केली, पुन्हा तेच. मागची चाकं पुढं ढकलत होती आणि पुढची चाकं मागं! जीपच्या गिअरबॉक्समधून पुढच्या चाकांकडे जाणारा शाफ्ट भलत्याच बाजूला निघत होता. तो जुळावा म्हणून भाऊंनी पुढची दोन चाकं जोडणारा आसच उलटा करून बसवला होता. आस उलटा, म्हणून चाकंही उलटी. मी भडकलोच. "भाऊ, श्रावण तोंडावर आला आणि तुम्ही चाकांची भांडणं लावून दिली?" भाऊ ओल्या वाळूतच गाडीखाली शिरले.

संध्याकाळी ते आपणहून ग्रामसभेपुढं उभे राहिले. "चूक माही हाय. दोन बैल जुपले अन् एकाचं तोंड मांगं केलं म्या." मग सुनिताची सासूच फिस्सकन हसली आणि तिच्यामागून सगळं गाव हसलं. हसू ओसरल्यावर एक म्हातारा गंभीरपणे म्हणाला, "दुरुस्त करतो म्हंते तं करू द्या." सगळ्यांनी माना हलवल्या. दुसऱ्या दिवशी भाऊ चंद्रपूरच्या भंगार बाजारात गेले, बाजू जुळणारा अख्खा आस हुडकला आणि भाजीच्या परतणाऱ्या टेम्पोत रिकाम्या क्रेटांवर घालून आणला. उतरले ते पाठ धरूनच. घरी जाऊन पडा म्हटलं, तर मलाच म्हणाले, "नाला माह्यासाठी थांबते का?"

श्रावणात सुनिताला कळा लागल्या तेव्हा नाला दुथडी भरला नव्हता, पण खाट जाण्याजोगाही राहिला नव्हता. परवाना गावात माझ्याकडेच, म्हणून गाडीवर मी. भाऊ तर आठवडाभर गावातच तळ ठोकून बसले होते. मांडीएवढ्या पाण्यात बांबू टेकत ते गाडीपुढं चालले. "बंद पडली तं मले पह्यले समजलं पाहिजे." बंद पडली नाही. चारही चाकं एकाच बाजूला ओढत होती. धानोऱ्याच्या दवाखान्यात सुनिताला मुलगी झाली. सासू रडली, मीही रडलो, काही लपवलं नाही. भाऊ बाहेर आवारात गाडीखाली शिरून ऑइलची गळती शोधत होते.

पुढच्या वर्षी पोळ्याच्या सुमारास ते क्लच बघायला आले आणि गावातच छातीत कळ येऊन खाली बसले. बाहेर धो धो पाऊस. आम्ही त्यांना गाडीत मागं चटईवर निजवलं. सुनितानं त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. पाण्यात शिरताना मागून आवाज आला, "पह्यल्यात टाका गुरुजी, काऊन घाई करून राह्यले?" नाला ओलांडला. "आता दुसरा." सपाटीला लागलो. "तिसरा. इंजिनले रडवू नका."

पुढं जंगलातला लांब चढ लागला. इंजिन दबलं, धापा टाकायला लागलं, दुसरा गिअर टाकायची वेळ होऊन गेली. मी मुद्दाम तिसराच ठेवला. गाडी हादरायला लागली, बंद पडायला आली. आता ओरडतील, आता तरी ओरडतील म्हणून मी वाट बघत राहिलो. शेवटी मीच मोठ्यानं ओरडलो, "भाऊ, शिव्या द्या ना!"

मागून सुनिताचा आवाज आला, "गुरुजी, दुसरा आता तुमीच टाका."