भैरवीची घाई

नाताळाच्या आधीच्या रविवारी, दुपारी, लातूरच्या एका कॉलेजच्या सभागृहात येशूच्या आयुष्यावरचा मूकपट दाखवायचा होता. फार जुना. फाटकी रिळं धुऊन, जोडून, ओरखडे काढून कुणीतरी नव्याने उभा केलेला. मुका सिनेमा म्हणजे पडद्याशेजारी कुणीतरी वाजवायला हवं, आणि फिल्म क्लब चालवणाऱ्या माझ्या दोस्ताला माझ्याशिवाय कुणी सुचलं नाही. मी जन्मभर भजनात पेटी वाजवलेला माणूस. "तुला काय, सूर धरून बस," म्हणाला. त्याला सांगायला काय जातंय!

चाकूरहून आत्याला मुद्दाम बोलावून घेतलं. तिला भजनापलीकडचं काही ऐकवायची मला लई हौस होती.

पहिल्या रांगेत बसल्या बसल्या आत्याने पडद्यावरच्या येशूच्या आईशी नातंच जोडलं. आंधळ्याला दिसू लागलं तेव्हा तिने टाळ्या वाजवल्या. शिष्याने पैसे घेऊन गुरूला धरून दिलं तेव्हा मोठ्याने सुनावलं, "मेल्या, खाल्ल्या मिठाला जाग की!" सगळं सभागृह हसलं. वाजवताना एवढी मजा मला कधी आली नव्हती.

मग क्रूस आला. पडद्यावरच्या पाट्या मराठीत वाचून दाखवणारा दोस्तही नुसता पडद्याकडे बघत राहिला. माझी बोटं आपसूक भैरवीवर गेली आणि मी स्वतःवरच खूश झालो, काय शोभतेय म्हणून! पण आमच्याकडे भैरवी लागली की कार्यक्रम संपला. लोकांनी हात जोडले, शाली सावरल्या आणि उठले. चर्चची मंडळी तेवढी जागेवर बसून, हा काय प्रकार, म्हणून माझ्याकडे बघत होती. दाराशी चपलांची शोधाशोध सुरू झाली. आत्याही निघाली, पदराने डोळे पुसत. "त्या माउलीच्या पदरात काय राहिलं मग?" म्हणाली.

पण अजून कबर उघडून येशू जिवंत परत यायचा होता! आत्या हे दुःख घेऊन गावी गेली असती तर तिला घास गोड लागला नसता. तिला मी ओळखतो. ओरडावं म्हटलं, तर त्या गलक्यात माझं कोण ऐकतंय?

मी पाळणा धरला. रामनवमीला, गोकुळाष्टमीला जन्माच्या वेळी बायका म्हणतात, त्या चालीचा. पाळणा सुरू झाल्यावर आमच्याकडे कुणी जन्माला पाठ दाखवून जात नाही, अंगणात गेलेला माणूसही परत येतो.

"आगं, पाळणा लागला!" दारातली एक बाई म्हणाली. सगळे चपला हातात घेऊन आत वळले.

तेवढ्यात पडद्यावर दगड सरकला, आणि इतका वेळ काळंपांढरं असलेलं चित्र एकदम रंगीत झालं. लोक होते तिथेच उभे राहिले. मला तर आनंदाने रडूच फुटलं, पेटीच्या पट्ट्या दिसेनात.

आत्या मधल्या वाटेत उभी होती. तिने पडद्यावरच्या आईलाच हाक मारली, "बाई, रडू नको आता! आलं बघ तुजं लेकरू!"

आणि खणखणीत आवाजात तिने पाळणा उचलला. मागोमाग सगळ्या बायकांनी. सिनेमा संपला, दिवे लागले, तरी त्यांची कडवी काही संपेनात. मी वाजवत राहिलो.