फ्रेंच प्रेस आणि चवथीचा शर्ट

आमच्या पेडण्याच्या घरात मला कॉफी करायला बंदी आहे. ती बायकोने घातली आणि लेकीने तिला जोरदार अनुमोदन दिलं.

त्याचं असं झालं. लेक सायली हिने डिचोलीचा नीलेश पसंत केला. त्याची आई राजी होती, पण वडील, म्हणजे भाऊ, गालात सुपारी धरल्यासारखे गप्प. "घर बघून सांगेन," एवढंच म्हणाले. भाऊ कॉफीचे शौकीन, असं सायलीने सांगितलं मात्र, माझ्या अंगात आलं!

माझा मेव्हणा मांद्र्याला पर्यटकांना खोल्या भाड्याने देतो. तिथे कुणी परदेशी पाहुणा फ्रेंच प्रेस विसरून गेला होता, तो मी उचलून आणला. काचेचं उभं भांडं, वर दांडा, दांड्याच्या टोकाला जाळी. पूड घाला, गरम पाणी ओता, जरा थांबा, दांडा दाबा. गाळ खाली, कॉफी वर. सोप्पं!

"बाबा, पूड जाडसर दळा हां, रव्यासारखी," सायली म्हणाली.

रव्यासारखी? ज्या घरात कोंबडीच्या शागुतीचं वाटण गंधासारखं झालं नाही तर बायको मिक्सरला शिव्या घालते, त्या घरात रवा? भाऊ म्हणतील, ह्यांना धड दळताही येत नाही! मी मिक्सर फिरवतच राहिलो. पूड अशी झाली, की नुसतं बघून शिंक यावी. (आलीच!)

रविवारी भाऊ बायको-मुलाला घेऊन आले, पांढऱ्याशुभ्र, कडक इस्त्रीच्या शर्टात. मी भांडं त्यांच्यासमोरच मांडलं (करून दाखवायची हौस!). पाणी ओतलं, थांबलो, दांडा दाबला. दांडा हलेना.

"अहो, सोडा तां, मी चाय ठेवतंय," बायको कुजबुजली.

"गप रव गो!" म्हणत मी दोन्ही हातांनी दाबलं. नीलेशने भांडं धरलं. तरी ढिम्म! एवढ्यात भाऊ उठले. आयुष्यभर खाणीवर ट्रक चालवलेला माणूस तो.

"सरा जरा," ते म्हणाले. "असल्या गियरांची माका सवय आसा."

आणि त्यांनी जोर लावला.

फस्स्! कडेने कारंजंच उडालं! भिंतीवर कॉफी, नीलेशच्या चष्म्यावर कॉफी आणि भाऊंच्या शर्टावर तर अख्खा नकाशा! (नशीब, झटापटीत ती कोमट झाली होती.)

"शिरा पडो त्या कॉफीर!" बायको ओरडली. सायली रडायच्या बेतात. संपलं! एका दांड्यापायी मी लेकीचं लग्न मोडलं!

बायको आत धावली आणि गणपतीत, चवथीला घालायला म्हणून माझ्यासाठी घेतलेला कोरा शर्ट घेऊन आली. कोरं कापड नुसतं द्यायचं नाही, ही तिची जन्माची सवय. त्या गडबडीतही तिने त्याला कुंकवाचं बोट लावलं, वर नारळ ठेवला आणि भाऊंच्या हातात दिला. भाऊंनी मुकाट्याने शर्ट बदलला आणि नारळ मांडीवर घेऊन बसले.

तशी नीलेशच्या आईने टाळीच वाजवली. "घ्या! मुलीकडचा नारळ नि कापड घेतलंत, आता कसलं घर बघताय? सोयरीक जाली!"

भाऊंनी नारळाकडे बघितलं, अंगातल्या शर्टाकडे बघितलं आणि खो खो हसत सुटले. "जाली तर जाली! पण माका आता चाय द्या."

लग्न थाटात झालं. फ्रेंच प्रेसमध्ये बायको आता सोलकढी गाळते, आणि ती झकास होते. त्या चवथीला मात्र माझा नवा शर्ट व्याह्यांच्या अंगावर होता आणि धुऊन धुऊनही डाग न गेलेला त्यांचा शर्ट माझ्या! आरतीला शेजाऱ्याने निरखून विचारलं, "नवी डिझाईन काय हो?"

"होय," मी म्हटलं, "घरीच केलीय!"