वाढत्या मापाचा स्टेम

आमच्या घरात कुठलीही वस्तू मापाची अशी आली नाही. युनिफॉर्म वाढत्या मापाचा, रेनकोट वाढत्या मापाचा, चपलेत टाचेमागे दोन बोटं जागा रिकामी. नवं असताना सगळं ढगळ, आणि अंगाला नीट बसायला लागेपर्यंत विटलेलं. नाशकात तेव्हा घरोघरी हेच चालायचं, त्यामुळे त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. वाईट वाटलं ते सायकलच्या एका तुकड्याचं, आणि ते अजून गेलेलं नाही.

नव्वदच्या दशकात मी बारावीत होते आणि सायकल शर्यतीसाठी जिल्ह्याच्या संघात जायचं, एवढंच माझ्या डोक्यात होतं. आमची तयारी करून घेणारे सर म्हणाले होते, तू नक्की येशील, फक्त स्वतःची सायकल हवी. अण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, ओळखीतून एक जुनी रेसिंग सायकल मिळवली. फ्रेम चांगली होती, पण हँडल नव्हतं आणि हँडलला पुढच्या चिमट्याशी जोडणारा आडवा तुकडाही नव्हता. त्याला स्टेम म्हणतात. दिसायला क्षुल्लक, पण तो जरा लांब झाला तरी वर बसलेलं माणूस सगळं पुढे ओढलं जातं.

स्टेमचं माप घ्यायची रीत सोपी आहे. कोपर सीटच्या टोकाला लावायचं आणि हात सरळ पुढे करायचा. बोटं हँडलच्या नळीला टेकली पाहिजेत. मग सायकलवर बसून, हँडलचा खालचा वाक धरून खाली बघायचं. नळीने पुढच्या चाकाचा हब, म्हणजे मधला तुंबा, झाकला गेला तर माप बरोबर. सरांनी मला दुसऱ्या मुलींच्या सायकलींवर बसवून बघितलं आणि माझं माप ठरवलं, नऊ सेंटीमीटर. मी घरी येऊन ते अण्णांना दोनदा सांगितलं. खरं तर एकदा पुरे होतं. अण्णा सातपूरच्या एका कारखान्यात तयार माल तपासायचे. दिवसभर हातात व्हर्नियर, आणि केसाइतका फरक दिसला तरी पार्ट बाजूला फेकायचा. नऊ म्हणजे किती, हे त्यांना समजावून सांगायची गरज नव्हती.

त्यांनी बाराचा आणला.

“अण्णा, हा मोठा आहे.”

“वाढत्या मापाचा घेतलाय. असले पार्ट काय आपण रोज घेतो का?”

“बदलून आणू या ना.”

“आधी बसव तर खरं. सवय होते माणसाला.”

सवय बिवय काही झाली नाही. हात ताणून ताणून मान धरायची, आणि शेवटी मी सरकत सरकत सीटच्या टोकाशी येऊन बसायची. खाली बघितलं की हब हँडलच्या अलीकडे, माझ्या बाजूला, उघडा पडलेला दिसायचा. पहिल्याच दिवशी सरांनी मला थांबवलं.

“कुणाची सायकल आणलीस ही?”

“माझीच आहे सर.”

त्यांनी आपल्याकडचे स्टेम लावून बघितले, पण आमच्या जुन्या चिमट्याच्या नळीत एकही बसेना. मी पुन्हा अण्णांच्या मागे लागले. त्यांनी पेपर खाली न घेता सांगितलं की कष्टाला पर्याय नसतो.

निवड चाचणी सिन्नर रस्त्याला झाली. मोहदरी घाट चढताना मी पुढच्या मुलींबरोबर होते, आणि चढावर माझ्यात काही कमी नव्हतं हे मी आजही कुणालाही सांगेन. परतीच्या उतारावर बोटं बधिर झाली. ब्रेकपर्यंत ती नीट पोचेनात, म्हणून मी घाबरून आधीपासूनच वेग कमी केला आणि बाकीच्या निघून गेल्या. संघात चौघी घ्यायच्या होत्या, मी पाचवी आले.

“पुढच्या वर्षी बघू,” अण्णा म्हणाले. “तोवर वाढशील.”

पुढच्या वर्षी सायकल धाकट्या भावाकडे गेली होती. तुझं कॉलेज आता लांब, तू बसने जा, असं ठरलं. ठरलं म्हणजे अण्णांनी ठरवलं. भाऊ ताडमाड वाढला आणि तो सायकलवर असा काही बसायला लागला की बघत राहावं. त्याला शर्यतीबिर्यतीत रस नव्हता, क्लासला जायचा तेवढंच. अण्णा फाटकात उभे राहून मला म्हणायचे, “बघ, कसं मापात बसलं!” मला तेव्हाही शंका आली नाही. आपलं नशीब, म्हणून मी हात चोळत बसले.

शिक्षण संपल्यावर मला बघायला देवळ्याकडची मंडळी आली. कांद्याचा व्यापार, माणसं मोकळी. पोहे झाले, आणि मुलाची आत्या माझी मापं काढायला लागली.

“पोरगी गोड हाय, पण उंचीला लय कमी. आजून वाढंल का?”

दुसरा कुणी बाप असता तर गोलमाल बोलला असता. अण्णांच्या तोंडून चुकीचं माप निघायचं नाही.

“छे हो, आता कुठली वाढायची? पंधराव्या वर्षापासून एवढीच आहे. दर पाडव्याला मी स्वतः मोजतो. मिलिमीटरचा फरक नाही.”

पंधराव्या वर्षापासून. बारावीत मी सतरा वर्षांची होते. चहाचा ट्रे हातात होता, तो मी खाली ठेवला, कारण माझ्या मनात तो फेकावा असं आलं होतं.

पाहुणे गेल्यावर मी विचारलं, “अण्णा, मग तो स्टेम कुणाच्या वाढत्या मापाचा होता?”

कुठला स्टेम, हेच त्यांना आधी आठवेना. मी रात्रंदिवस उराशी धरलेली गोष्ट त्यांच्या लक्षातही नव्हती. मग आठवलं, आणि त्यांना माझं हसू आलं. चिडले असते तरी मला चाललं असतं.

“अगं, तू काय, आज ना उद्या जाणारच होतीस,” ते म्हणाले. “सायकल घरात राहणार होती.”