हत्याराला पाणी देताना

त्या दिवशी सकाळी मी आणि माझ्या बायकोनं मिळून एका टूलला पाणी दिलं. ते शेवटचं आहे हे तेव्हा ठाऊक नव्हतं, त्यामुळे नेहमीसारखं भांडत भांडतच दिलं. पडवीत माझा लोखंड कातायचा लेथ आहे. ओतूरच्या अलीकडच्या एका गिरणीवाल्याची पुली करायची होती आणि तिच्यावर पट्टा बसायच्या खाचा पाडायच्या होत्या. जशी खाच हवी तसंच टूलचं तोंड लागतं. तसं तोंड तयार मिळत नाही, म्हणून मी ते जुन्या कानशीतून घासून काढलं होतं. भट्टीत लाल करून तेलात बुडवलं, पॉलिश पेपरनं चकचकीत केलं, आणि तिच्या जुन्या भाकरीच्या तव्यावर वाळू पसरून त्यात ठेवलं. ती तव्यापाशी पाटावर टूलचा रंग बघत बसली. मी सांडशी घेऊन उभा.

"झालं का?"

"गप उभं ऱ्हावा. तूप आलंया नुसतं."

"अगं, मघापासनं तूपच चाललंय तुझं."

"तूप कडवायला येळ लागतो. तुमाला काय ठावं, तुमाला आयतं ताटात पडतं." आणि मग एकदम, "मध! मध झाला, उचला! उचला की!"

उचललं, पाण्यात घातलं, चुर्र झालं. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जाऊ का आता भाजी टाकायला, का अजून कोण निजलंय वाळूत?"

जेवणं झाल्यावर छाती भरून आली म्हणाली. शेजाऱ्याची जीप काढली, पण दवाखाना यायच्या आधीच ती गेली. तिचा भाऊ घोडेगावहून आला, दिवस मावळायच्या आत सगळं उरकलं. त्याबद्दल मला जास्त लिहायचं नाही. मी चौथी शिकलेला माणूस, मला रडं लिहिता येत नाही. मला लिहायचं आहे टूलचं, कारण त्यात माझ्याकडून तिची एक गोष्ट राहून गेली होती.

लेथ घरी आला ती नव्वद सालानंतरची गोष्ट. त्याआधी मी नारायणगावला दुसऱ्याच्या वर्कशॉपात राबलो. मंचरकडचं एक जुनं वर्कशॉप बंद पडलं, त्यांचा लेथ भंगारात चालला होता, तो मी उचलला. टेम्पोतून उतरवताना आठ माणसं लागली. ती दारात उभी राहून म्हणाली, "सवत आणली म्हना की. आणि ती बी म्हातारी." पण कुंकू तिनंच लावलं त्याला, नारळही तिनंच फोडला.

लेथ आला, पण टूल कुठाय? तयार टूल पुण्याहून आणावं लागायचं आणि ते महाग. मी म्हटलं आपणच करू. जुन्या कानशी होत्या, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचे तुकडे होते. आकार द्यायला मला कोणी शिकवायची गरज नव्हती, हात बसलेला होता. अडायचं ते पाणी देण्यापाशी. लाल लोखंड तेलात बुडवलं की ते काचेसारखं कडक होतं आणि काचेसारखंच तुटतं. म्हणून ते परत मंद आचेवर थोडं ढिलं करावं लागतं. ढिलं होताना त्याच्या अंगावर रंग चढत जातात. आधी फिका पिवळा, मग गडद पिवळा, मग तपकिरी, जांभळा, निळा. गडद पिवळ्यावर उचललं तर टूल वर्षभर चालतं. निळ्यापर्यंत गेलं की मऊ पडतं, मग ते पोरांना खेळायला द्यावं.

माझी टूलं एक तर तुटायची, नाही तर मऊ पडायची. दोन महिने हेच. वर्कशॉपात हे काम दुसरा करायचा, मी कधी लक्ष घातलं नव्हतं. मी भट्टीला शिव्या घातल्या, कोळशाला घातल्या, तेलाला घातल्या. एकदा तुटलेलं टूल रागानं फेकलं ते तिच्या तुळशीच्या कट्ट्यावर आदळलं. ती बाहेर आली.

"लोखंडाचं काय चुकलं?"

"पिवळं व्हतंय कधी तेच कळंना. एकदम निळंच व्हतं."

"एकदम कसं व्हईल? पुन्हा ठिवा बरं. मी बघते."

पुन्हा ठेवलं. ती वाकून बघत राहिली आणि थोड्या वेळानं म्हणाली, "आता पिवळं हाय. तुमाला दिसना?"

मला दिसत नव्हतं. मला ते आधी दिसत होतं तसंच मळकट दिसत होतं.

ती माझ्याकडं बघत राहिली आणि हसायला लागली. पाटावर बसून पोट धरून हसली. मी म्हटलं, काय झालं तुला? तर म्हणाली, "अवो, टमाटं!"

ते असं. वावरात टोमॅटो लावायला लागल्यापासून तोडणीला मी गेलो की माझ्या क्रेटमध्ये निम्मे कच्चे निघायचे. आमची बाकीची तोडणारी माणसं म्हणायची, भाऊ, तुमी बांधावर बसा. मला वाटायचं घाईत चुकतंय. तिला वाटायचं मी काम टाळायला मुद्दाम करतो, आणि त्यावरून तिनं मला किती बोलून घेतलं याला सुमार नाही. तर ते डोळ्यातलं निघालं. पन्नाशीच्या आसपासचा गडी झालो आणि आपल्याला लाल-हिरवं, पिवळं-तांबूस नीट वेगळं कळत नाही हे मला लोखंडानं सांगितलं.

"ज्याला टमाटा कळंना," ती म्हणाली, "तो चाललाय लोखंडाला पाणी द्यायला!"

त्या दिवसापासून रंग तिचा आणि सांडशी माझी. वाळूचा तवा ही अक्कल तिचीच. भट्टीत आच एकदम चढते, रंग पळतात. तव्यावरच्या वाळूत ते मुंगीसारखे चालत येतात. रंगांना नावंही तिनंच दिली. फिका पिवळा म्हणजे तूप, गडद म्हणजे मध, तपकिरी म्हणजे गूळ, जांभळा म्हणजे वांगं. लेथच्या टूलला मध. छिन्नीला वांगं, कारण छिन्नीनं घाव सोसायचा असतो. मी कागदावर लिहून भिंतीला लावलं होतं, तर ती ते वाचायला लागली आणि म्हणाली, "वांगं लिवलंय का वंगन?" अक्षर माझं तसलंच.

पुढं लई मजेत गेली ती वर्षं. लाईट गेली की लेथ बंद, मग आम्ही टूल करत बसायचो. कोळशाच्या भट्टीला लाईट लागत नाही. ती भात्याचा दांडा फिरवायची आणि गावातल्या साऱ्यांच्या भानगडी सांगायची. एकदा भानगड इतकी रंगली की मध गेला, गूळ गेला, वांगंही गेलं. मी म्हटलं, टूल गेलं. ती म्हणाली, "जाऊ द्या, पन तिच्या सासूनं काय केलं ते तर ऐका."

नाव मात्र माझं झालं. जुन्नर, ओतूर, पार आहुप्याकडून लोक यायचे. ह्यांच्यासारखं पाणी कुणाच्या टूलला नाही, असं म्हणायचे. मला ते गोड लागायचं. एकदा नारायणगावचे एक वर्कशॉपवाले मुद्दाम आले, टूल हातात घेऊन फिरवून फिरवून बघितलं आणि विचारलं, "राव, नेमकं कधी उचलता?"

मी म्हटलं, "अंदाजानं."

ती चहा घेऊन दारात उभी होती. हसू दाबताना निम्मा चहा बशीत गेला. पाहुणे गेल्यावर म्हणाली, "अंदाजाला चहा मिळंल का जी?"

मी टूल उचलून फडक्यानं पुसायला लागलो.

"एकदा सांगा की चारचौघांत. माजं काय मंदिर बांधू नका. नुसतं सांगा, रंग हिला कळतो म्हनून."

"सांगीन की."

"कवा? तुमच्या तोंडाला बी पानी द्यावं लागंल असं दिसतंय."

असं दहा-बारा वर्षं मी सांगीन की, सांगीन की म्हणत राहिलो. कारण काय, तर लाज. बाई चालवते असं लोक म्हणतील, आणि डोळ्यातलं कळलं तर कामं जातील. दुसरं काही कारण नाही. ती रागवायची नाही, टोमणा मारून मोकळी व्हायची. त्यामुळे मलाही वाटायचं, घाई काय आहे.

ती गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माणसं बसायला आली. अंगणात सतरंजी टाकलेली. गिरणीवालाही आला होता. चांगला माणूस, त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. तो म्हणाला, "भाऊ, नशीबवान माउली. तुमच्यासारख्या कारागिराच्या घरात नांदली."

सगळ्यांनी माना हलवल्या. मी उठलो आणि पडवीत जाऊन भट्टी पेटवली.

मेव्हणा धावत आला. "दाजी, सुतक हाय! आज भट्टी?"

"चूल पेटवत न्हाई. भट्टी पेटवतोय. बस तिथं."

माणसं पडवीच्या तोंडाशी येऊन उभी राहिली. त्यांना वाटलं असेल म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. घासून ठेवलेला कानशीचा एक तुकडा होता, तो लाल केला, तेलात बुडवला, पॉलिश केला आणि तव्यावरच्या वाळूत ठेवला. म्हटलं, कुणी तोंडातून शब्द काढायचा नाही. मी डोळे ताणून बघत उभा राहिलो. मला वाटलं तेव्हा उचलला आणि पाण्यात घातला.

"कुठला रंग हाय?" मी गिरणीवाल्याला विचारलं.

तो अडखळला. "भाऊ... निळाच पडलाय की."

टूल लेथवर बांधलं. लाईट होती. लोखंडाला लावलं तर टूल किंचाळलं आणि बघता बघता त्याचं तोंड मेणासारखं मुडपलं. मी ते काढून गिरणीवाल्याच्या हातात दिलं, गरम होतं म्हणून फडक्यात गुंडाळून.

"हे माझं पानी," मी म्हटलं. "इतकी वर्षं तुमी वाखाणत व्हता ते तिचं. मला रंग दिसत न्हाईत. कधीच दिसले न्हाईत."

मग मेव्हणा हळूच म्हणाला, "ताई मला दर भाऊबीजेला सांगायची, तुज्या दाजीची टूलं मी पिकवते म्हनून. मला वाटायचं, थापा मारती."

"थापा न्हाईत," मी म्हटलं. "बसा सगळे."

मी लेथचं बटण बंद केलं, तिचा पाट ओढून घेतला, आणि आठ माणसांनी लेथ टेम्पोतून उतरवला तिथपासून सांगायला लागलो.